पाव इंचाचं फाटक, अठरा अंशांचा उतार: दोन व्यावसायिक मॉवरच्या खरेदीचं प्रकरण

मध्य न्यू जर्सीत दोन माणसांचा लॉन कापणीचा धंदा. मालक आणि एक मदतनीस. एप्रिल ते नोव्हेंबर दर आठवड्याला ३८ घरं, आणि टाउनहाउसच्या एका सोसायटीची ६ एकर सामाईक हिरवळ. एकरी ४० गुंठे या हिशेबाने ती २४० गुंठे झाली. घरांची हिरवळ सरासरी ७,००० चौरस फूट, म्हणजे साधारण साडेसहा गुंठे. निम्मी पुढे, निम्मी मागे. गवत टॉल फेस्क्यू आणि केंटकी ब्ल्यूग्रासचं मिश्रण, कापायची उंची ३ ते साडेतीन इंच. जमीन चिकणमातीची, एप्रिलमध्ये पाणी धरून राहणारी.

हाताशी एक जुना ४८ इंची बेल्ट-ड्राइव्ह (पट्ट्याने चाकं फिरवणारा) वॉक-बिहाइंड, म्हणजे मागून चालत चालवायचा मॉवर, आणि एक २१ इंची साधा ढकलायचा मॉवर. जुन्याचा पट्टा ओल्यात घसरायचा, चढावर मॉवर थांबायचा आणि माणूसच त्याला ढकलायचा. नव्या खरेदीसाठी २०,००० डॉलर बाजूला काढलेले. मालकाचा कल एकच ४८ इंची स्टँड-ऑन, म्हणजे मॉवरवरच उभं राहून चालवायचा मॉवर, घेण्याकडे होता: एका मॉवरमध्ये सगळं भागेल, उरलेले पैसे ट्रकवर घालता येतील. वापरलेला, मीटरवर ११०० तास चाललेला एक तसा मॉवर चांगल्या किमतीत मिळतही होता.

शेवटी घेतलं ते वेगळंच: एक ३६ इंची वॉक-बिहाइंड आणि एक ५२ इंची स्टँड-ऑन. कारण डेकची (पात्यांवरच्या पत्र्याच्या कवचाची) रुंदी आणि इंजिनाचे हॉर्सपॉवर बघण्याआधी फाटकं आणि उतार मोजले गेले.

फाटकं मोजताना

३८ पैकी १४ घरांना कुंपणच नाही. उरलेल्या २४ घरांत ७ ठिकाणी ६० इंचांहून रुंद, दोन दारांची फाटकं. १३ ठिकाणी एकेरी फाटक, मोकळी जागा ३७ ते ४१ इंच. आणि ४ ठिकाणी ३५ इंचांहूनही कमी.

या चार फाटकांची गंमत अशी की ती विकताना '३८ इंची' म्हणूनच विकलेली असतात. ते माप खांबापासून खांबापर्यंतचं. फाटक ९० अंशांतच उघडून थांबत असेल तर पाखाची जाडी आणि बिजागरी त्या मापातच उभी राहतात. पलीकडच्या खांबावर कडीचा खटका पुढे आलेला असतो. हातात उरतात पावणेपस्तीस इंच. म्हणून मेजपट्टी खांबाला लावायची नाही. फाटक पूर्ण उघडायचं आणि सगळ्यात अरुंद जागी, जमिनीपासून साधारण ६ इंचांवर, माप घ्यायचं. मॉवरचा डेक आणि मागची चाकं त्याच उंचीवर अडतात.

दुसरी बाजू मॉवरची. '३६ इंची' म्हणजे पाती कापतात ती रुंदी. मॉवरची एकूण रुंदी वेगळी. बाजूला गवत फेकणारी चूट खाली असताना ३६ इंची मॉवर फूटभर जास्त रुंद होतो. माहितीपत्रकात 'चूट वर असताना' असा वेगळा आकडा दिलेला असतो, तोच बघायचा. एकाच नावाच्या ३६ इंची मॉवरांत कुणाचा तो साडेछत्तीस असतो, कुणाचा ३७ च्याही पुढे जातो. मागच्या चाकांची बाहेरची रुंदीही तपासायची. काही वॉक-बिहाइंडची चाकं डेकच्या जवळजवळ बरोबरीने बाहेर असतात.

फाटकातून जाताना चूट हाताने वर धरावी लागते. त्या वेळी पात्यांचा क्लच बंदच हवा. काही जण चूट तारेने कायमची वर बांधून ठेवतात. ते कधीही करू नये. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १८,००० फुटांच्या आसपास असतो (मानकाप्रमाणे कमाल मर्यादा १९,०००), आणि उघड्या तोंडातून सुटलेला खडा खिडकी बघत नाही आणि मूलही बघत नाही.

मिनिटांचा हिशेब

एकर प्रति तास काढायचं सूत्र सोपं आहे: वेग मैलांत गुणिले रुंदी इंचांत, भागिले ९९. पण रुंदी पूर्ण धरायची नाही, ३ ते ४ इंच पट्ट्यांच्या एकमेकांवर येण्यात जातात. मग वळणं, झाडं, थांबणं यांसाठी कार्यक्षमतेने गुणायचं. मोकळ्या मैदानावर ७० ते ७५ टक्के मिळतात. छोट्या अंगणात रुंद आणि वेगवान मॉवरला ४५ टक्के मिळाले तरी पुष्कळ, कारण वेग पकडेपर्यंत कुंपण येतं.

एका सरासरी घरासाठी, म्हणजे ०.१६ एकराला, ३६ इंची हायड्रो (तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारा) वॉक-बिहाइंड ताशी ४ मैलांनी: ४ × ३३ ÷ ९९ म्हणजे १.३३ एकर, त्याचे ६० टक्के ०.८. वेळ १२ मिनिटं. ४८ इंची स्टँड-ऑन ताशी ६ मैलांनी, ४५ टक्क्यांनी १.२ एकर. वेळ ८ मिनिटं. इथवर स्टँड-ऑन पुढे आहे.

पण जिथे तो मागच्या अंगणात जाऊच शकत नाही तिथे पुढचा भाग ४ मिनिटांत होतो आणि मागचा २१ इंचीने ढकलत १३ मिनिटांत. एकूण १७. अशी घरं ३८ पैकी १७.

आठवड्याची फक्त कापणीची मिनिटं जुळवली तर एकटा ४८ इंची स्टँड-ऑन घेतल्यास ४५७, एकटा ३६ इंची वॉक-बिहाइंड घेतल्यास ४८४. म्हणजे घरांपुरतं बघितलं तर मालकाचा अंदाज चुकीचा नव्हता, स्टँड-ऑन २७ मिनिटांनी सरसच ठरतो. दोन्ही असतील, मोकळ्या घरांना स्टँड-ऑन आणि फाटकांच्या घरांना वॉक-बिहाइंड, तर ३९२. एका तासाहून थोडी जास्त बचत. एवढ्याशा बचतीवर दुसऱ्या मॉवरची किंमत निघणार नाही. खरा निकाल सोसायटीच्या ६ एकरांवर लागला, आणि त्यातही तिथल्या एका खड्ड्यावर.

पावसाच्या पाण्याचा खड्डा

न्यू जर्सीतल्या बहुतेक नव्या वसाहतींत पावसाचं पाणी थोपवून हळूहळू सोडणारं एक उथळ तळं असतं. एरवी ते कोरडंच, चारी बाजूंनी गवताचे उतार. या सोसायटीत त्याचे काठ सुमारे पाऊण एकराचे. असे काठ नकाशात अनेकदा ३ ला १ दाखवलेले असतात: ३ फूट आडवं गेलं की १ फूट खाली. अंशांत तो उतार १८.४ होतो. ४ ला १ असेल तर १४. वरवर पाहिलं तर दोन्ही सारखेच दिसतात, आणि बहुतेक स्वारीच्या मॉवरांची मर्यादा नेमकी या दोघांच्या मधे, १५ अंशांवर येते.

डोळ्याने अंदाज करू नये. ४ फुटी स्पिरिट लेव्हल घ्यायची, तिचं एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवायचं, बुडबुडा मधे येईपर्यंत दुसरं टोक उचलायचं आणि त्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. अंतर पावणेतेरा इंच आलं की १५ अंश झाले. इथे आत उतरायच्या वाटेवर ११ इंच आले, उरलेल्या तीन बाजूंना १५ ते १६. म्हणजे तिन्ही बाजूंना स्टँड-ऑन घालायचा नाही. 'उभा असतो, घसरलाच तर उडी मारता येते' हे विक्रेत्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. उडी मारता येते हे बरोबर. पण ४०० ते ४५० किलोचा मॉवर तळाकडे घसरायला लागला की तो आवरता येत नाही, आणि माणूस कुठल्या बाजूला उतरतो हे त्या क्षणी त्याच्या हातात नसतं.

वॉक-बिहाइंडला इथे फायदा आहे. वजन कमी, माणूस जमिनीवर, हात सुटला की पाती थांबतात. तरी त्यालाही मर्यादा असतेच. काही वॉक-बिहाइंडच्या मॅन्युअलमध्येही १५ अंशच लिहिलेले असतात, काहींत २०. म्हणून पैसे द्यायच्या आधी मॅन्युअल वाचलं गेलं आणि २० अंशांना परवानगी असलेलाच निवडला. त्यातही अटी पाळायच्या: गवत कोरडं असतानाच, आडव्या पट्ट्यांत, मागे जोडायची सल्की काढून ठेवून. तळाशी पाणी असेल तर कडेपासून मॉवरच्या रुंदीच्या दुप्पट अंतर सोडून. ती कड आणि पाण्याच्या नळाभोवतीचा भाग ट्रिमरने.

सल्की म्हणजे वॉक-बिहाइंडच्या मागे ओढली जाणारी, उभं राहायची चाकांची फळी. मेरीलँडमधल्या फ्रेडरिकच्या राइट मॅन्युफॅक्चरिंगची वेल्के या नावाची सल्की अमेरिकेत इतकी रुळली आहे की बरेच जण कुठल्याही सल्कीला वेल्केच म्हणतात. पुढे त्याच कंपनीचा स्टँडर आला: फळी ओढण्याऐवजी मॉवरच्याच अंगावर उभं राहायचं. सल्की चालण्याचे कष्ट वाचवते, पण मागे घेताना ती दुमडून मॉवरखाली किंवा पायावर येते, आणि चिखलात वळताना तिची चाकं हिरवळीवर चाकोरी पाडतात. जुना ४८ इंची ठेवून नवी सल्की घ्यायचा पर्याय याच कारणाने आधी बाद झाला.

उरले सव्वापाच एकर सपाट. ३६ इंचीने एक एकर कापायला ३ मैल चालावं लागतं: ४३,५६० चौरस फुटांना पावणेतीन फुटांनी भागा, १५,८४० फूट येतात. सव्वापाच एकरांचे पावणेसोळा मैल, म्हणजे २५ किलोमीटर, तेही जुलैच्या उन्हात. ५२ इंची स्टँड-ऑन ताशी ७ मैलांनी, ४८ इंच उपयोगी रुंदी आणि ७० टक्के धरून, तासाला २.३८ एकर कापतो. सपाट भाग सव्वादोन तासांत संपतो, आणि त्याच वेळात दुसरा माणूस खड्ड्याचे काठ उरकून इमारतींच्या मधले अरुंद तुकडे घेतो. दोन्ही माणसं आणि दोन्ही मॉवर एकदम कामात. एका मॉवरच्या योजनेत हे बसतच नव्हतं. काठ तर कशानेच कापता आले नसते.

मॉवरमध्ये काय बघितलं

वॉक-बिहाइंड ३६ इंची, हायड्रो. बेल्ट-ड्राइव्ह घेतला असता तर बरेच पैसे वाचले असते, पण ओली चिकणमाती आणि चढ असलेल्या मार्गावर ती काटकसर महागात पडते. पट्टा ओला झाला की घसरतो, आणि रिव्हर्समध्ये त्याला जोर नसतो. फाटकातून मागे यायचं तर रिव्हर्स दर घराला लागतो.

डेक फ्लोटिंग हवा की फिक्स्ड, यावर फार कमी लोक थांबून विचार करतात. फिक्स्ड डेकची उंची बदलायची तर पात्यांवरचे स्पेसर, पुढच्या चाकांचे स्पेसर आणि मागचा आस, सगळं हलवावं लागतं. १५-२० मिनिटं जातात. ज्याची सगळी गिऱ्हाइकं एकाच उंचीवर आहेत त्याला तो चालतो, आणि तो मजबूतही असतो. इथे वसंतात ३ इंच, उन्हाळ्यात साडेतीन, आणि काही घरमालकांचा स्वतःचा हट्ट. म्हणून पिन काढून अर्ध्या मिनिटात उंची बदलणारा फ्लोटिंग डेक. पत्रा दोन्ही मॉवरांवर ७ गेजचा, जोडकामाचा. १० गेजचा म्हणजे साडेतीन मिलिमीटरचाही टिकतो, पण कडेच्या दगडांना आणि झाडांच्या मुळांना रोज घासणाऱ्या डेकसाठी साडेचार मिलिमीटर बरा. गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड, हे लक्षात ठेवायचं.

इंजिन वॉक-बिहाइंडला कावासाकीचं १५ हॉर्सपॉवरचं एफएस५४१व्ही. ३६ इंचांना ते भरपूर आहे. ५२ इंची स्टँड-ऑनला २२ हॉर्सपॉवरचं एफएक्स६९१व्ही. मे महिन्यातलं दाट, दवाने भिजलेलं गवत ५२ इंचांत आलं की कमी ताकदीचं इंजिन फेरे गमावतं, पात्यांचा वेग पडतो आणि मागे गवताचे लोंदे राहतात. एफएक्सला डब्यासारखा मोठा एअर फिल्टर असतो. ऑगस्टच्या धुळीत तोच इंजिनाचं आयुष्य वाढवतो.

६० इंची का नाही, याचं उत्तर सोसायटीच्या पार्किंगमधल्या झाडांच्या बेटांत आहे. दोन झाडांमधली जागा जागोजागी ५८ ते ६२ इंच. रुंद डेक तिथे वळसा घालतो आणि रुंदीचा सगळा फायदा तिथेच विरतो.

वापरलेला ४८ इंची मॉवरही तपासला गेला. थंड असताना उत्तम चालला. अर्धा तास मैदानात पळवून, तेल तापल्यावर चढावर घातला तेव्हा डावं चाक मागे पडायला लागलं. हायड्रोस्टॅटिक पंप झिजला की असंच होतं: थंड तेल दाट, गळती झाकली जाते, गरम तेल पातळ, झीज उघडी पडते. वापरलेला मॉवर घेणाऱ्याने थंड मॉवरची चाचणी ही चाचणी समजूच नये. शिवाय पाती बंद करून, चावी काढून, पात्याचं टोक वरखाली हलवून बघायचं; स्पिंडलमध्ये (पातं ज्यावर फिरतं त्या दांड्यात) खटखट जाणवली तर बेअरिंग गेलंय. डेकच्या कोपऱ्यांतल्या वेल्डवर गंजाची बारीक रेघ दिसली तर ती बहुतेक वेळा तडा असते.

ट्रेलर

या भागात सगळ्यात जास्त चुका होतात, कारण मॉवर दुकानात पसंत होतो आणि ट्रेलर घरी उभा असतो. ट्रेलर ६ बाय १२ फुटांचा, एका आसाचा, एकूण वजनमर्यादा २,९९० पौंड. रिकामा ट्रेलरच ११०० पौंडांचा. दोन मॉवर मिळून सुमारे १६०० पौंड. ट्रिमर, ब्लोअर, पेट्रोलचे डबे धरले की जेमतेम बसतं, आणि ओल्या गवताच्या पोत्यांना जागा उरत नाही. ती ट्रकमध्ये.

लांबीचं कोडं वेगळं. स्टँड-ऑन फळी दुमडून ७४ इंच, वॉक-बिहाइंड हँडलसकट ७८. बेरीज १५२, ट्रेलर १४४. उपाय असा निघाला: दोन्ही मॉवर उलटे, म्हणजे मागे घेत चढवायचे. आधी स्टँड-ऑन, जेणेकरून जड वजन आसाच्या पुढे राहील आणि हिचवर (ट्रक आणि ट्रेलरच्या जोडावर) एकूण भाराच्या १० ते १५ टक्के दाब येईल. हिच हलकी राहिली तर हायवेवर ट्रेलर डोलायला लागतो. त्याचा डेक आता मागे तोंड करून असतो. मग वॉक-बिहाइंड उलटा. त्याचं कमरेच्या उंचीचं हँडल स्टँड-ऑनच्या बुटक्या डेकवर फूटभर सरकतं. १२ इंच वाचतात, ४ इंच उरतात. रॅम्पवर चढताना मागे आणि उतरताना पुढे, ही पद्धत मॉवर उलटू नये म्हणूनही बहुतेक मॅन्युअलमध्ये सांगितलेली असते.

पैसे: वॉक-बिहाइंड ६,५००, स्टँड-ऑन ११,५००. त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर, एकूण १९,१९२ डॉलर. उरलेल्या ८०८ डॉलरमध्ये दोन्ही मॉवरांसाठी पात्यांचे दोन-दोन जादा संच, एकेक जादा पट्टा, तेल आणि फिल्टर.

पहिल्या हंगामात काय बिघडलं

एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात स्टँड-ऑनने सोसायटीच्या हिरवळीवर वळणाच्या जागी गोल गोल जखमा केल्या. दोष मॉवरचा नव्हता. एक चाक जागीच ठेवून त्याच्याभोवती गर्रकन वळलं की थांबलेलं चाक ओली हिरवळ पिळून काढतं. दोन्ही चाकं सतत फिरती ठेवायची. ओल्या दिवशी तर पुढे-मागे-पुढे असं तीन टप्प्यांत वळायचं. हे हाताला यायला आठवडाभर लागतो.

खड्ड्याच्या वरच्या कडेला, जिथे सपाट जमीन उताराला मिळते, तिथे ५२ इंची डेकने गवत मुळापासून सोललं. रुंद डेक उंचवट्यावर मधोमध टेकतो. डेकखालचे रोलर कापायची उंची बदलल्यावर खाली-वर केलेच नव्हते; ते केले आणि ती कड वॉक-बिहाइंडकडे दिली.

मे महिन्यात स्टँड-ऑनच्या पट्ट्यांत पायरी दिसायला लागली: एका बाजूला गवत पाव इंच उंच. डेक वाकला असेल असं वाटलं, पण उजव्या मागच्या चाकात हवा ८ पौंड होती आणि डाव्यात १४. दोन्ही १३ वर आणल्यावर पायरी गेली. डेकची पातळी तपासायची ती कायम हवा सारखी केल्यावरच, सपाट काँक्रीटवर, पात्याच्या टोकापासून जमिनीपर्यंत. आणि पुढचं टोक मागच्यापेक्षा पाव इंच खाली.

नवं इंजिन असल्याने पहिलं तेल ८ तासांनी बदललं, पुढे दर १०० तासांनी, तेलाचा फिल्टर २०० तासांनी. पाती दर ८ ते १० तासांच्या कापणीनंतर धार लावून, खिळ्यावर टांगून तोल बघून. बोथट पातं गवत कापत नाही, ओरबाडतं. दोन दिवसांनी हिरवळीचे शेंडे पांढुरके दिसतात आणि गिऱ्हाईक खताला दोष देतं.

उरली ती चार अरुंद फाटकं. त्यांच्यासाठी ३० इंची मॉवर घ्यायचा विचार झाला आणि बाजूला पडला. दोन घरमालकांनी १८० अंशांत उघडणाऱ्या बिजागऱ्या बसवून घेतल्या. पाख आता कुंपणाला चिकटून उभं राहतं, मोकळी जागा पावणेपस्तीसवरून पावणेसदतीस झाली, आणि साडेछत्तीस इंचांचा वॉक-बिहाइंड पाव इंच राखून आत जातो. तो जातो तेव्हा पुढची दोन्ही कास्टर (स्वतःभोवती वळणारी) चाकं आधी सरळ करून घ्यावी लागतात, नाहीतर तेवढीच बाहेर येऊन खांबाला लागतात. उरलेल्या दोन घरांत २१ इंची चालूच आहे.